न दिसणारा माणूस आणि त्याचा दिग्दर्शक

'मिस्टर इंडिया' पाहिल्यावर गायब झालो तर काय काय करू, याची यादी मी मनातल्या मनात केली होती. तुम्हीही केली असेल. ती यादी परवा रात्री आठवली. झोप येईना, म्हणून फोनवर १९६० सालचा 'द अमेझिंग ट्रान्सपरंट मॅन' लावला होता. कृष्णधवल, तासाभरापेक्षाही छोटा.

गोष्ट साधी. मेजर क्रेनर हा फॉस्ट नावाच्या तिजोरीफोड्याला तुरुंगातून पळवून आणतो. त्याला अदृश्य करून किरणोत्सारी द्रव्य चोरायचं आणि पुढे न दिसणाऱ्या सैनिकांची फौज उभारायची, हा त्याचा बेत. यंत्र चालवतो डॉ. उलॉफ; त्याच्या मुलीला मेजरनं कोंडून ठेवलंय म्हणून.

पैसे नसले की अदृश्य माणसासारखं सोयीचं पात्र नाही. दार आपोआप उघडतं, पैशांची पिशवी हवेत तरंगते, झालं काम! १९९५मध्ये एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानं या सिनेमाची यथेच्छ टिंगल केली. मीही आधी हसलोच.

मग दिग्दर्शकाचं नाव वाचलं: एडगर उल्मर. आजच्या चेकियात जन्मलेला ज्यू. १९३४मध्ये त्यानं युनिव्हर्सल स्टुडिओसाठी 'द ब्लॅक कॅट' हा गाजलेला भयपट केला. पण स्टुडिओच्या मालकाच्या भाच्याची बायको शर्ली आणि तो प्रेमात पडले, लग्नही केलं. मोठ्या स्टुडिओंची दारं जवळपास कायमची बंद झाली. पुढची कित्येक वर्षं तो तुटपुंज्या पैशांत सिनेमे काढत राहिला. त्यातलाच 'डीटूर' (१९४५) आज अभिजात मानला जातो. 'ट्रान्सपरंट मॅन' त्यानं टेक्ससमधल्या डॅलसला, दुसऱ्या एका सिनेमाला जोडूनच उरकला.

त्या घाईतही एक प्रसंग अंगावर येतो. नाझी छावणीत आपल्याला कैद्यांवर प्रयोग करायला लावले, हे उलॉफ सांगतो. चेहरा झाकलेल्या एका कैद्याचा त्यात जीव गेला. ती त्याचीच बायको होती.

शेवटी अणुस्फोट होतो. उलॉफ वाचतो. हे संशोधन पुढे न्यावं का, असा प्रश्न उरतो, आणि तो कॅमेऱ्याकडे वळून आपल्यालाच विचारतो: तुम्ही काय केलं असतं?

गायब होऊन काय करीन, याचं उत्तर माझ्याकडे लहानपणापासून तयार होतं. ते यंत्र मलाच बनवायला सांगितलं तर काय करीन, हे मात्र मी स्वतःला कधीच विचारलं नव्हतं.