नवजात बाळ आणि क्ष-किरणांची मात्रा

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये दोन ते चार वर्षांची मुले ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, दगावण्याचे प्रमाण वाढत होते. ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट यांना वाटले की, इतक्या कोवळ्या वयातल्या रोगाचे मूळ जन्मापूर्वीच असावे. मग आयांनाच का विचारू नये? या पाहणीसाठी १,००० पौंड मिळाले ते लेडी टाटा स्मारक निधीतून. पत्नी मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्यावर सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये उभारलेला हा निधी.

१९५६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पहिला निष्कर्ष आला. कर्करोगाने मूल गमावलेल्या आयांपैकी गरोदरपणी पोटाचे क्ष-किरण चित्र काढलेल्यांचे प्रमाण इतर आयांच्या सुमारे दुप्पट होते. आक्षेप आला: मूल गमावलेली आई जुन्या आठवणी जास्त उकरून काढते, म्हणून हा फरक दिसतो. आक्षेप रास्तच होता. पण १९६२ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन यांनी आठवणींऐवजी रुग्णालयांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तरीही सुमारे ४० टक्क्यांची वाढ दिसलीच. ही मात्रा होती साधारण १० मिलिग्रे. रोग मुळात विरळ असल्याने एकेका बाळाचा धोका लहानच, तरी तो शून्य नव्हता.

गर्भाच्या बाबतीत यातून वाट निघाली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये श्राव्यातीत ध्वनीने गर्भ पाहण्याची पद्धत मांडली आणि हळूहळू क्ष-किरण मागे पडले. नवजात बाळाचे तसे नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे उघडली आहेत का, श्वासनळीतली नळी जागेवर आहे का, हे छातीच्या चित्रावरून ठरवावे लागते. काही बाळांची अशी चित्रे काही आठवड्यांत डझनांनी निघतात. पेशींची वाढ जोरात, पुढे आयुष्य लांबलचक आणि शरीर एवढेसे की झोत आवळून धरला नाही, तर छातीच्या चित्रात मानेतली अवटू ग्रंथी आणि जननेंद्रियेही सापडतात. टाळता येत नाही, तेव्हा मोजून वापरणे आले.

१९९६ मध्ये युरोपीय आयोगाने नवजाताच्या छातीच्या चित्रासाठी संदर्भमात्रा ठरवली: त्वचेपाशी ८० मायक्रोग्रे. अशी शंभराहून अधिक चित्रे काढली, तेव्हा कुठे त्वचेपाशी १० मिलिग्रे भरतील.

त्यानंतर एक नवीच अडचण आली, आणि ती सुधारणेतून आली. फिल्मच्या काळात किरण जास्त पडले की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच उघडी व्हायची. अंकीय यंत्रात संगणक उजळपणा जुळवून घेतो. मात्रा कमी पडली तर चित्र रवाळ दिसते, डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाली तर चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते, मग तक्रार कोण करणार? अशाने मात्रा नकळत चढत जाते. झोत सैल ठेवून नंतर पडद्यावर चित्राच्या कडा कापल्या, तर तेही लपून जाते.

म्हणून २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने सर्व कंपन्यांच्या यंत्रांसाठी एकच निर्देशांक ठरवला. ग्राहकपट्टीवर किती किरण पोचले, ते या आकड्यावरून कळते. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोग क्ष-किरणतज्ज्ञांनी मुलांसाठी मात्रा बेताने वापरण्याची मोहीम सुरू केली. फिल्मच्या काळेपणाचे काम आता या आकड्याकडे आहे. मात्र तो कुणीतरी मुद्दाम वाचावा लागतो.