डॉर्प म्हणजे गाव

२००९ साली पाथरीत इंटरनेट म्हणजे बीएसएनएलची जोडणी आणि लोडशेडिंगच्या मधले तास. तेव्हा मी कॉलेज संपवून घरी होतो. पाथरीची माणसं परभणी, औरंगाबाद, पुणे, आखातापर्यंत पांगलेली. ती सगळी एका जागी भेटतील असं स्वतःचं स्थळ उभारायचं माझ्या डोक्यात होतं. ऑर्कुट होतं, पण ते गूगलचं. आपलं कुठे होतं?

सगळा कोड स्वतः लिहिणं जमणारं नव्हतं. म्हणजे एखादी तयार कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, सीएमएस, घ्यायची. लेखन साठवणं, सदस्य नोंदवणं, पानं दाखवणं ही कामं ती करते. फुकट आणि मुक्त अशा तीन माझ्यासमोर होत्या: वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल. त्यातली एक निवडायला मला तीन महिने लागले.

जूमलाकडे मी नावामुळे ओढला गेलो. २००५ मध्ये ‘मॅम्बो’ या प्रकल्पातून फुटून निघालेल्यांनी स्वाहिलीतला ‘जुमला’ हा शब्द घेतला: सगळे मिळून. हा शब्द मुळात अरबी. आमच्याकडे निजामाच्या काळातल्या हिशेबांमुळे आजोबांच्या तोंडी तो होताच. बेरजेच्या शेवटी ‘जुमला’, म्हणजे एकूण. आफ्रिकेतून फिरून आलेला आपलाच शब्द भेटल्यासारखं वाटलं.

पण तेव्हाच्या जूमला १.५ मध्ये परवानग्यांचे स्तर ठरलेले होते: सगळ्यांसाठी, नोंदणी केलेल्यांसाठी आणि खास लोकांसाठी. आपले गट आपण पाडायची सोय २०११ मध्ये १.६ सोबत आली. मला तर मोहल्ल्यानुसार, शाळेच्या बॅचनुसार गट हवे होते. कोण लिहील, कोण वाचेल, कोण खोडेल हे ठरवता यायला हवं होतं. ज्या पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही लढल्या, तिथे कोणाचा शब्द चालेल हा प्रश्न किरकोळ नसतो.

वर्डप्रेस २००३ पासूनचं, वापरायला सगळ्यात सोपं. मैत्री आणि गटांसाठी त्यावर ‘बडीप्रेस’ होतं. पण २००९ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीला वर्डप्रेसची ‘एमयू’ ही वेगळी जात लागायची. माझ्या स्वस्त होस्टिंगवर ती काही नीट बसेना.

उरलं ड्रुपल. त्याचा जन्म बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या वसतिगृहातला. २००० साली ड्रीस बायटार्ट आणि त्याच्या मित्राने एकच एडीएसएल जोडणी बिनतारी पुलाने आठ जणांत वाटून घेतली. एकमेकांना निरोप ठेवायला ड्रीसने एक छोटं स्थळ लिहिलं. शिक्षण संपल्यावर ते जगासमोर ठेवायचं ठरलं, तेव्हा त्याला ‘डॉर्प’ हे नाव हवं होतं. डचमध्ये डॉर्प म्हणजे गाव. टाइप करताना अक्षरं उलटीपालटी झाली आणि ‘ड्रॉप’ झालं. तेच ठेवलं. जानेवारी २००१ मध्ये तो कोड खुला झाला, तेव्हा थेंबाच्या डच शब्दावरून नाव पडलं ड्रुपल.

मराठी माणसांनी ते आधीच पारखलं होतं. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ ही स्थळं ड्रुपलवर उभी राहिली. १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ‘मायबोली’सुद्धा पुढे ड्रुपलवर आली. २००८ च्या ड्रुपल ६ मध्ये उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचीही सोय होती. अर्ध्या पाथरीची घरची भाषा उर्दू. मग निर्णय झालाच.

शंभरेक माणसं आली. सगळ्यात जास्त लिहिलं आमच्या निवृत्त गुरुजींनी. वय ऐंशीच्या आसपास, एका बोटाने टाइप करायचे. हैदराबाद संस्थानातले शेवटचे दिवस, रझाकार, सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन आणि त्यानंतर शेजाऱ्यांवर काय गुदरलं, दोन्ही बाजूंचं ते लिहीत. एक आठवण टाकताना म्हणाले, “ही गावापुरतीच ठेव रे.” ड्रुपलमध्ये ते जमलं. ज्या परवानगीसाठी मी तीन महिने घालवले, ती खरी याच एका लेखासाठी लागली.

मग माणसं फेसबुकवर गेली, नंतर व्हॉट्सॲपवर. भांडण नाही, निरोपही नाही. त्यातच होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला आणि एके दिवशी सगळी देवनागरी विचित्र रोमन अक्षरांसारखी दिसू लागली. गुरुजींचा फोन आला, “मी लिहितो ती नुसती प्रश्नचिन्हं होतात.” म्हटलं, बघतो. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. बघितलं नाही. त्यांनी तरी आणखी चार लेख लिहिले.

ते गेल्यावर त्यांच्या नातीने सगळं लेखन मागितलं. मी जुन्या डेटाबेसची फाइल उघडली. झालं होतं असं: युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पाथरी’ या शब्दात पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. नव्या सर्व्हरवरचे तक्ते ‘लॅटिन-१’चे झाले होते. त्यांना ते पाच चिन्हांऐवजी पंधरा परकी अक्षरं वाटत होते. पण बाइट शाबूत होते. उलटा प्रवास करून जुने एकोणचाळीस लेख जसेच्या तसे परत आले.

नंतरच्या चार लेखांचं तसं नव्हतं. त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नसल्यामुळे साठवतानाच प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह झालं होतं. खाली काहीच उरलं नव्हतं. ड्रुपलचा यात दोष नव्हता. एका संध्याकाळचं काम होतं, ते मी केलं नाही.

आज कोणी विचारलं, समाजमाध्यमासाठी कुठली सीएमएस घेऊ, तर मी आधी विचारतो: बंद पडल्यावर त्यातून लोकांचं लिहिलेलं कसं बाहेर काढशील? आणि ते बघायला कोण थांबेल? ड्रुपल ६ चा आधार फेब्रुवारी २०१६ मध्ये संपला, ७ चा जानेवारी २०२५ मध्ये. प्रत्येक घराला असा दिवस येतो.

गुरुजींच्या नातीने ते लेख छापून बांधून घेतले. शेवटची चार पानंही तिने गाळली नाहीत. त्यांवर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं आहेत, मधल्या मोकळ्या जागांसकट. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबलं, एवढंच कळतं.