मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी : कुठून सोपी, कुठून अवघड?

बारावीचा निकाल लागला की ‘वकिलीत लाखाचा पगार’ अशा जाहिराती मोबाईलवर फिरायला लागतात. पगाराची गोष्ट खोटी नाही. देशातल्या मोठ्या लॉ फर्म नव्या पोराला वर्षाला १५ ते २० लाखांच्या आसपास देतात. पण हा पगार थोड्याच शहरांत आणि थोड्याच कॉलेजच्या मुलांना मिळतो. मुलाला कुठं घालायचं हे ठरवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

लॉ फर्म म्हणजे वकिलांची कंपनीच समजा. सिरिल अमरचंद मंगलदास, शार्दूल अमरचंद मंगलदास, खेतान, एझेडबी, ट्रायलीगल ही त्यातली मोठी नावं. पहिल्या दोन मूळच्या एकाच फर्मच्या, १९१७ साली सुरू झालेल्या. २०१५ मध्ये भावाभावांत वाटणी झाली. (वाटण्या काय फक्त शेताच्याच होतात असं नाही.) यांचं बरंच काम कोर्टाबाहेरचं असतं. कंपन्यांची खरेदी-विक्री, बँकांचे करार, शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीची कागदपत्रं, असलं.

काम जिथं, तिथंच फर्म. रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत, म्हणून सगळ्यात जास्त जागा मुंबईत. दिल्लीत सुप्रीम कोर्ट आणि स्पर्धा आयोग असल्याने दुसरा नंबर दिल्लीचा. नव्या कंपन्यांमुळे बेंगळुरू तिसरं. हैदराबाद, चेन्नईत कार्यालयं आहेत, पण जागा कमी. पुणे मुंबईच्या इतकं जवळ की पुण्याचं मोठं काम बहुतेक मुंबईतूनच होतं. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला हायकोर्टाची खंडपीठं आहेत, कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं. तिथं वकिलांना काम भरपूर आहे, पण ते कोर्टाचं. खंडपीठ आलं म्हणजे लॉ फर्म आली, असं होत नाही.

आता कॉलेजचं. फर्मवाले सगळीकडे फिरत नाहीत. बेंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल, हैदराबादचं नालसार, कोलकात्याचं विधी विद्यापीठ अशा मोजक्या ठिकाणी जातात आणि मुलं चौथ्या वर्षातच बांधून ठेवतात. आपल्या राज्यातही तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी तिथं वेगळ्या जागा असतात. पण तिघांची पत फर्मच्या लेखी सारखी नाही. मुंबईचं पुढं आहे, कारण मुलगा लोकल पकडून फर्ममध्ये इंटर्नशिपला जाऊ शकतो. नागपूरच्या मुलाला त्याच इंटर्नशिपसाठी सुट्टी लागते, शिवाय मुंबईत महिनाभर राहायची सोय करावी लागते. तो खर्च कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

याच कारणामुळं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय अजून टिकून आहे. १८५५ पासूनचं कॉलेज, चर्चगेटला, फी कमी. सकाळी तास झाले की मुलं दुपारी फर्ममध्ये किंवा सॉलिसिटरकडे बसतात. पुण्याचं आयएलएसही जुनं, १९२४ चं. तिथली मुलं फर्ममध्ये जातात, पण धडपड स्वतःची स्वतः करावी लागते.

जिल्ह्याच्या कॉलेजातून थेट मोठ्या फर्ममध्ये जाणं फार कठीण आहे. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. फर्म तिथं येतच नाही, ओळखीचा सीनियर आत नसतो, आणि फर्मचं सगळं काम इंग्रजीत. तालुका कोर्टात मराठीत उत्तम युक्तिवाद करणारा पोरगा इंग्रजी कराराच्या मसुद्याला अडतो. पण वाट अगदीच बंद नाही. काही जण आधी हायकोर्टात चांगल्या वकिलाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढतात आणि मग फर्मच्या कोर्ट विभागात शिरतात.

प्रवेशाचे रस्ते दोन. राष्ट्रीय विद्यापीठांसाठी क्लॅट, १२० प्रश्न, दोन तास, फक्त इंग्रजीत. अलीकडे ही परीक्षा बारावीच्या आधी, डिसेंबरात होते. म्हणजे बारावीच्या निकालानंतर जागा झालेल्याचं एक वर्ष गेलं. दिल्लीच्या विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असते. शासकीय विधी महाविद्यालय आणि आयएलएससाठी राज्याची सीईटी, ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विद्यापीठांची वर्षाची फी अडीच-तीन लाखांच्या घरात जाते, पाच वर्षांचा हिशोब ज्याने त्याने घालावा. निव्वळ फर्मच्या पगारावर भरवसा ठेवून जमीन गहाण टाकणार असाल, तर त्या विद्यापीठातून मागच्या दोन-तीन वर्षांत किती मुलं फर्ममध्ये गेली ते आधी विचारा. ‘सर्वाधिक पॅकेज’ विचारू नका, मधल्या नंबरच्या मुलाला काय मिळालं ते विचारा.

फर्म नाही मिळाली तर? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलाला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. सुचवलं आहे, सक्ती नाही. तालुक्याला बरेच सीनियर अजून जाण्यायेण्याचा खर्चच देतात.

गरीब घरातल्या मुलांना क्लॅटची तयारी करून देणारी ‘आयडिया’ ही संस्था २०१० पासून काम करते. दिवंगत प्राध्यापक शमनाद बशीर यांनी ती सुरू केली. अकरावीतच तिच्या संकेतस्थळावर चौकशी करून ठेवावी, बारावी उजाडेपर्यंत थांबू नये.