भुईगावचा दगड आणि सारवलेली भिंत

आमच्या गासच्या शेजारीच भुईगाव आहे. १९५६ साली तिथे बसाल्टचा एक कोरीव तुकडा सापडला. अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा हा अंश. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात आठव्या शासनाचा तुकडा मिळाला होता. शूर्पारकाचा इतिहास सांगताना या दोन्ही दगडांचा उल्लेख होतो. नवव्या शासनात म्हटले काय आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. गिरनारच्या पाठावरून ते कळते. आजारपणात, मुलांच्या लग्नात, अपत्यजन्मात लोक नाना मंगलविधी करतात. त्यातही बायका फार आणि क्षुल्लक विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे, धर्माचरणाचे मोठे, असा त्याचा आशय.

असाच बायकांचा एक लग्नविधी याच पालघर जिल्ह्यातून जगाच्या कलादालनांत पोहोचला : वारल्यांचा लग्नचौक.

त्याचे साहित्य पाहा. कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, कधी वर गेरू. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सारवताना बोटांचे फराटे उमटतात. ओल्या काडीची रेघ त्या खडबडीत पृष्ठावर अडखळते, जाड-बारीक होते. चौकात पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते, लग्न लागते. पुढे धूर, पाऊस आणि पुढचे सारवण चित्र पुसून टाकतात. चित्र काढणाऱ्या सवाशिणींची नावे कुठे लिहिलेली नसतात.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा मशे यांनी ते विधीतून बाहेर काढले, रोजच्या रोज रंगवले. मासे धरायच्या जाळ्याची त्यांची चित्रे पाहिली की बारीक, दाट रेघांनी पृष्ठभाग थरथरतो आहे असे वाटते. कुडाच्या भिंतीवर एवढी बारीक रेघ निभली नसती. तरीही त्यांनी भिंत सोडली नाही. त्यांच्या कित्येक कॅनव्हासांची नोंद ‘ॲक्रिलिक आणि शेण’ अशी आहे. चित्र काढण्याआधी ते कापड सारवत होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बरीच वर्षे माझे मत असे होते की नाव टिकते ते साहित्यामुळे. दगड टिकला म्हणून अशोक टिकला, कागद टिकला म्हणून मशे, आणि भिंत पुसली गेली म्हणून सवाशिणी विस्मृतीत गेल्या. हे मत मला रिचर्ड लाँगमुळे सोडावे लागले. हा इंग्रज कलावंत दालनाच्या भिंतीवर हातांनी चिखल फासून वर्तुळे रचतो. १९८९ च्या पॅरिसमधील ‘मॅजिसियन द ला तेर’ या प्रदर्शनात तो आणि मशे दोघेही होते. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले. लाँगची चिखलाची भिंतही प्रदर्शन संपले की रंगवून टाकतात. साहित्य तेच, आयुष्य तेवढेच. पण त्याच्या भिंतीशेजारी नावाची पाटी असते, छायाचित्र निघते, सूचिग्रंथ छापला जातो.

म्हणजे दोष मातीचा नव्हता, नोंदीचा होता. मशे यांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही; पण ज्या हातांकडून ही रेघ आली, ते हात बायकांचे होते. दगडावरचा मजकूर त्या बायकांच्या विधीला क्षुल्लक म्हणून गेला, आणि पुढे आम्ही अभ्यासकांनी चौकाच्या छायाचित्राखाली ‘वारली भिंतिचित्र’ एवढेच लिहिले. माझ्या स्वतःच्या जुन्या टिपणांतही तेवढेच आहे.

अजूनही काही पाड्यांवर लग्नाला भिंत सारवली जाते. आता चौकाचे छायाचित्र घेण्याआधी मी विचारतो, काढला कोणी? बायका हसतात, एकमेकींकडे बोट दाखवतात. मग एकेक नाव सांगतात, आणि मी ते वहीत लिहून घेतो.