समुद्रफुलाचे भाडेकरू

पुणें शहर सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारें 560 मीटर उंचीवर वसलेलें. येथील माणसाचा समुद्राशीं संबंध म्हटला म्हणजे सुटींतलें गणपतीपुळें, आणि लहानपणीं शाळेच्या सहलींत पाहिलेलें, 1951 सालीं उघडलेलें मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय. अशा गांवीं दिवाणखान्यांत समुद्र मांडण्याची हौस आमच्या पुतण्यास झाली. त्यानें काचेची टाकी आणली, दिवे टांगले, पंप लावले, आणि चौथ्याच आठवड्यास एक समुद्रफूल आणून तींत सोडलें. पांढरें शुभ्र म्हणून दुकानदारानें त्याचे चार पैसे अधिकच घेतले होते. दहा दिवस सारें घर त्या फुलापुढें बसून होतें. मग एके रात्रीं तें दगडावरून सुटलें, सरकत सरकत पंपाच्या तोंडाशीं गेलें आणि त्याच्या चिंध्या झाल्या. सकाळीं पाहतों तों पाणी दुधासारखें गढूळ, आणि दोन मासे मरून तरंगत असलेले.

“काका, माझें काय चुकलें?” असें त्यानें विचारलें. आम्ही पडलों इतिहासाचे अध्यापक. एकाद्या विषयांतलें उत्तर येत नसलें म्हणजे त्या विषयाचा इतिहास धुंडाळावयाचा, ही आमची जुनी खोड. तिच्यापायीं जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

समुद्रफूल हें फूल नव्हे, प्राणी आहे. प्रवाळ त्याचे सख्खे भाऊबंद आणि जेलीमासा दूरचा आप्त. खालीं दगडास चिकटणारा पाय, वर एकच तोंड आणि तोंडाभोंवतीं डंख मारणाऱ्या बाहूंचा झुबका, एवढाच त्याचा संसार. परंतु हा जीव किती जगतो हें ऐकून वाचक चकित होतील. स्कॉटलंडमधील सर जॉन डॅलियेल यांनीं 1828 सालीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधें लाल समुद्रफूल आणून काचेच्या बरणींत ठेवलें. 1851 सालीं डॅलियेल वारले. बरणी दुसऱ्याच्या हवालीं झाली, मग तिसऱ्याच्या. लोक त्या फुलास ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणूं लागले. मालकामागून मालक गेले, आजीबाई राहिली. ती वारली 1887 सालीं, आणि वर्तमानपत्रांतून तिचा मृत्युलेख आला. जवळ जवळ साठ वर्षांच्या या घरवासांत तिला ना विजेचा दिवा होता, ना पंप. समुद्राचें ताजें पाणी आणि अधूनमधून शिंपल्याच्या मांसाचा तुकडा, एवढ्यावर तिचें चालले. आमच्या पुतण्यानें हें ऐकून आपल्या यंत्रसामग्रीकडे ज्या नजरेनें पाहिलें, तिचें वर्णन न केलेलें बरें.

समुद्र जवळ असला तर पाणी बदलतां येतें. नसला तर काय करावें, हा प्रश्न आमच्यासारखाच लंडनकरांनाही पडला होता. ॲना थिन या धर्मोपदेशकाच्या पत्नीनें 1846 सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ लंडनास आणले. त्यांच्या पाण्यास हवा लागावी म्हणून तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. आजच्या पंपाची खरी पूर्वज ती बाई होय. तिचें नांव मात्र आम्हांस कोठें आढळलें नाहीं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें 1850 सालीं दाखविलें कीं, भांड्यांत वनस्पति आणि प्राणी योग्य प्रमाणांत ठेवल्यास एकमेकांच्या आधारानें दोघांचेंही पाणी शुद्ध राहतें. पुढें फिलिप हेन्री गॉस यानें 1854 सालीं खाण्याचें मीठ, एप्समचें मीठ आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्लोराइड मिळवून कृत्रिम समुद्र बनविण्याची कृति छापली. आज पुण्यांत पिंपांत मीठ कालविणारा प्रत्येक हौशी याच गॉसचा ऋणी आहे. मात्र त्याच्या पुस्तकांनीं इंग्लंडांत अशी लाट उठली कीं, जो तो छिन्नी घेऊन किनाऱ्यावर धांवला; खडकांतलीं रम्य डबकीं या संग्राहकांनीं उजाड केलीं, हें दुःख त्याच्या पुत्रानें, एडमंड गॉसनें, 1907 सालच्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

तरी मूळ कोडें शिल्लकच. आजीबाई साध्या बरणींत जगली आणि आमचें फूल सर्व थाटांत मेलें, तें कां? याचें निम्मेंअधिक उत्तर ज्याच्याकडे मिळालें तो गृहस्थ आमच्या ओळखीचा निघाला, याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. पॅट्रिक गेडीस हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस नगररचनाकार म्हणून ठाऊक आहे. 1919 सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें अध्यासन निघालें त्याचे ते पहिले प्राध्यापक. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच हाताखालून पुढें गेले. परंतु हेच गेडीस तरुणपणीं प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि त्यांनीं समुद्रफुलांवर काम केलें होतें, हें आम्ही स्वतः तीस वर्षें इतिहास शिकवूनही जाणत नव्हतों!

कांहीं समुद्रफुलांच्या अंगांत पिवळसर-तपकिरी सूक्ष्म कण दिसतात. ते कण त्याच प्राण्याचे कीं परके, याविषयीं वाद होता. 1881 सालीं जर्मनींत कार्ल ब्रांट यानें ते स्वतंत्र शैवाल असल्याचें सांगून त्यास नांव दिलें. गेडीस यांनीं नेपल्स येथें अशीं फुलें उन्हांत ठेवून त्यांतून निघणारा वायु गोळा केला, तों त्यांत प्राणवायु विपुल! 1882 सालीं त्यांनीं मत मांडलें कीं, ही दोघांची परस्परांस पोसणारी वस्ती आहे. पुढील संशोधनानें तें खरें ठरविलें. शैवाल उजेडांत साखर तयार करून तिचा मोठा वांटा घरमालकास देतें. मालक त्यास आसरा आणि आपल्या अंगचीं टाकाऊ द्रव्यें पुरवितो. पुण्याच्या वाचकास मालक-भाडेकरू म्हटलें कीं कोर्टकचेरीच आठवेल. परंतु येथें भाडेकरू रोज भाडें मोजतो आणि मालक त्यावरच जेवतो.

आतां आमच्या घरचा खटला उलगडला. आजीबाई थंड समुद्रांतली. तिच्या जातीच्या अंगीं हे भाडेकरू नसतात, म्हणून शिंपल्यावर तिचें भागलें. प्रवाळबेटांवरचें फूल मात्र त्यांच्या जिवावर जगतें. दुकानांतलें तें शुभ्र फूल सुंदर नव्हतें, तें रिकामें घर होतें! उष्णतेनें किंवा अंधारानें भाडेकरू सोडून गेले म्हणजे फूल पांढरें पडतें आणि हळूहळू उपाशी मरतें. मरतांना तें उजेडाच्या व प्रवाहाच्या शोधांत भटकतें. आमचें तें भटकतच पंपापाशीं गेलें. शिवाय चार आठवड्यांची टाकी म्हणजे कच्ची टाकी. माशांच्या मलापासून होणारा विषारी अमोनिया पचविणारे जंतु तींत धड रुजलेलेही नसतात. सहा महिने, शक्य तर वर्ष जाऊं द्यावें, असें जाणते सांगतात.

पुतण्यानें वर्षभर टाकींत फूल घातलें नाहीं, आणि हें आम्हांस त्याच्या सर्व यंत्रांहून मोठें वाटतें. नळाचें पाणी गाळून तो क्षार काढी, मग मीठ कालवी, घनता 1.025 च्या आसपास आणि उष्णता 25-26 अंश ठेवी. वैशाखांत पुण्याचा पारा चाळिशीस जातो तेव्हां पाणी थंड राखण्यास स्वतंत्र यंत्र लागे, आणि त्याचें विजेचें बिल पाहून घरांतून आम्हांस विचारणा होई. पंपाच्या तोंडास त्यानें स्पंज बांधला.

एक गोष्ट मात्र आम्हांस टोंचत होती. जो जीव बरणींत साठ वर्षें जगतो, तो खडकावरून उपटून आणून दहा दिवसांत मारणें, ही हौस कीं हिंसा? प्रवाळांस तर आपल्या कायद्यानें 2001 पासून वन्य जिवांत वरच्या दर्जाचें संरक्षण दिलें आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्रफुलांची नोंद परुळेकर या आपल्याच संशोधकानें 1968 सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापली; ती चाळतांना हीं फुलें ओहोटीच्या वेळीं तेथेंच वांकून पाहावींत, असें आम्हांस पुनःपुन्हां वाटलें. पुतण्यानें यावर तोड काढली. बुडबुड्यासारख्या फुगीर टोंकांच्या बाहूंची एक जात आपोआप दुभंगून एकाचीं दोन होते. अशा घरींच दुभंगलेल्या फुलाचा अर्धा भाग त्यानें एका हौशी स्नेह्याकडून आणला, समुद्रांतून नव्हे.

तें तपकिरी, ठेंगणें, दिसावयास साधें फूल आज दोन वर्षें एकाच दगडास धरून आहे. आठवड्यास कोळंबीचा नखाएवढा तुकडा त्यास पुरतो. गेल्या आषाढांत तेंही दुभंगलें. दुसऱ्या अर्ध्यास मागणी पुष्कळ आली, परंतु मागणाऱ्यास पुतण्या आधीं एकच विचारतो, “तुमची टाकी किती महिन्यांची?”