लेण्यावरचं नाव



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्ही काहीतरी लिहाच, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही पदवीधर लेखक नाही. गिरणीत पाळ्या करता करता वाचनालयातली पुस्तकं चाळली, त्यातून जे समजलं ते मांडतो. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

सोळा-सतरा वर्षांचा असताना मी वस्तीतल्या मंडळाबरोबर कान्हेरीची लेणी बघायला गेलो. पोरवय होतं. एका भिंतीवर खिळ्याने माझं नाव खरवडलं. बरोबरच्या एका वडीलधाऱ्या काकांनी ते पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला जुन्या शिलालेखापुढे उभं केलं आणि म्हणाले, "पोरा, ही दान देणाऱ्यांची नावं आहेत. कुणी कल्याणचा लोहार, कुणी सोनार, कुणी सोपाऱ्याचा व्यापारी. त्यांनी आधी दिलं, मग नाव कोरलं. तू काय दिलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यासाठीच मी या विषयाच्या मागे लागलो.

पुढे वाचनात आलं की २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात अजिंठ्याला पोहोचला आणि दहाव्या लेण्यात प्राचीन चित्रावरच त्याने आपलं नाव व तारीख कोरली. मी त्या साहेबाला शिव्या देणार होतो. मग खिळा आठवला. त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय?

आपल्या जवळचं दुसरं उदाहरण नालासोपाऱ्याचं. तिथल्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. खाली स्तूप आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते, बुद्धांच्या आठ मूर्ती होत्या, सोन्याची फुलं होती. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेले, म्हणून ते वाचले. गावचे लोक वाईट नव्हते. पण आपलं काय आहे हेच विसरलं, तर माणूस राखणार काय?

आता कायद्याकडे वळू. भारतीय पुरातत्त्व खात्याची सुरुवात १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यापासून झाली. पण १८७८ चा कायदा होता तो 'गुप्तधना'चा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, आणि मग ते सापडणाऱ्याचं, जमीनमालकाचं की सरकारचं ते ठरायचं. म्हणजे कायद्याचा पहिला प्रश्न होता, माल कुणाचा? ज्यांच्या श्रद्धेची ती ठेव, त्यांना कोण विचारणार!

याचा परिणाम पिप्रहवा इथे दिसला. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ हे गाव आहे. जानेवारी १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने तिथला स्तूप खणला. अस्थी निघाल्या, रत्नं निघाली, आणि एका करंडकावर ब्राह्मी लिपीत शाक्यकुलातल्या भगवान बुद्धांचा उल्लेख मिळाला. सरकारने अस्थी सयामच्या राजाला दिल्या. बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि काही हिस्सा पेपे कुटुंबाकडेच राहिला. ती रत्नं मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली! भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये रत्नं मायदेशी आली. एका भारतीय उद्योगसमूहाने त्यासाठी पैसा दिला. आपलीच ठेव आणायला पैसा मोजावा लागला, हे विसरू नका.

कायदा मात्र हळूहळू सुधारत गेला. १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या काळात प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि स्मारकाची नासधूस हा गुन्हा ठरला. मग स्वातंत्र्य आलं. परमपूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या संविधानाच्या ४९ व्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. १९५८ साली आजचा केंद्रीय कायदा आला. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि वस्तू खाजगी माणसाने परदेशी नेणं बंद केलं. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वारसा जपणं हे तुमचं-आमचं मूलभूत कर्तव्य झालं. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई झाली. स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आज तसा खिळा चालवला असता तर मीही आरोपी ठरलो असतो.

पण कायदा सगळ्या लेण्यांत रात्रंदिवस उभा राहू शकत नाही. तिथे उभे राहतो आपण. म्हणून हात जोडून सांगतो. लेण्यात मेणबत्त्या-अगरबत्त्या लावून भिंती काळ्या करू नका. मूर्तीला रंग, तेल लावू नका. वंदना करा, त्रिसरण-पंचशील घ्या, तेवढं पुरे. गावी विहीर खणताना, पाया काढताना जुनी मूर्ती, नाणं, लेख सापडला तर विकू नका, घरी धुऊन-पुसून ठेवू नका. कलेक्टर कचेरीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि मुलांना शिलालेख वाचायला शिकवा. ज्याला ती अक्षरं वाचता येतात, तो त्यांच्यावर खिळा चालवणार नाही.

ते काका आता नाहीत. मी मात्र दरवर्षी वस्तीतली पोरं घेऊन कान्हेरीला जातो. माझं खरवडलेलं नाव अजून तिथे आहे. पोरांना ते दाखवतो आणि सांगतो, हा मी, ज्याने काही न देता नाव कोरलं.

नमो बुद्धाय! जयभीम!