लांबचा पल्ला आणि पायातला जोडा : एक धागा

१/
पहाटे पाचच्या सुमारास नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या मोठ्या मैदानावर जाऊन उभे राहा. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतली मुलेमुली अंधारातच धावू लागलेली असतात. त्यांच्या शेजारून अर्धमॅरेथॉनचा सराव करणारे शिक्षक, डॉक्टर, व्यापारीही धावतात. दोन्ही गटांत एक प्रश्न हमखास कानी पडतो : लांब धावायला जोडा कोणता घ्यावा?

२/
हा प्रश्न वरवर दुकानातला वाटतो. मात्र टिकाऊ आणि पायाला सुखकर पादत्राणाचा शोध दख्खनेत शतकांपासून चालू आहे. या भूमीवर लांब पल्ला कोण धावत होते, त्यांच्या पायांत काय होते आणि ज्यांच्या पायांत काहीच नव्हते त्यांच्या पायांत ते का नव्हते, याचा हा धागा. उत्तराकडे आपण इतिहासाच्या वाटेने जाऊ.

३/
आरंभ आपल्याच परिसरातून. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्याच्या जेमतेम साडेतीन आठवडे आधी, १० जानेवारीला, यमुनेकाठच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते. एका टोकाला विजय, दुसऱ्या टोकाला घात, आणि मध्ये शेकडो कोसांची वाट.

४/
ही वाट तुडवणारे होते जासूद, कासीद आणि हरकारे. सांडणीस्वार वेगळे, पण पत्रांचा मोठा भार माणसांच्या पायांवरच असे. जासूद बहुधा जोडीने पाठवत, म्हणून कागदपत्रांत ‘जासूदजोडी’ हा शब्द भेटतो. एक आजारी पडला किंवा मारला गेला तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, हा हेतू. राज्याचे निर्णय पत्राच्या वेगाने होत, आणि पत्राचा वेग म्हणजे पायाचा वेग.

५/
त्यांच्या काळातले पादत्राण म्हणजे कमावलेल्या चामड्याची वहाण. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे मुरवायचे, तळाचे थर वाधीने शिवायचे, वापरण्यापूर्वी तेल पाजून मऊ करायचे. नवी वहाण चावते, आठवडाभरात पायाचा आकार घेते आणि मग वर्षानुवर्षे सोबत करते. तळ झिजला की नवा थर चढवता येतो. ‘टिकाऊ’ या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ ‘पुन्हा शिवता येणारे’ असा होता.

६/
या वहाणेलाही मर्यादा होत्या. मराठवाड्याच्या काळ्या चिकणमातीत पावसाळ्यात तळाला शेरभर चिखल चिकटतो आणि भिजलेले चामडे सैल पडते. म्हणून शेतकरी वहाणा हातात घेऊन अनवाणी चिखल तुडवत आणि मुरमाड वाट लागली की त्या पुन्हा पायात चढवत. कोणते पादत्राण कोणत्या जमिनीवर, हा विवेक आपल्या आजोबा-पणजोबांना पक्का ठाऊक होता.

७/
आता या इतिहासाची काळी बाजू. गावगाड्यात सरकारी निरोप, सांगावे घेऊन दुसऱ्या गावी धावत जाणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, वहाणा शिवण्याचे चर्मकारांकडे. आणि यांच्यापैकी अनेकांना सवर्णांच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे.

८/
म्हणजे जो सर्वाधिक धावत होता आणि जो सर्वांसाठी जोडा बनवत होता, त्यांनाच जोडा घालण्याचा मुक्त अधिकार नव्हता. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच राबणूक होती : चोवीस तास सरकारी हुकमाला बांधलेले पाय आणि त्या बदल्यात तुटपुंजे वतन.

९/
नांदेडमध्ये याच काळात एक वेगळी परंपराही नांदत होती. सचखंड श्री हजूर साहिबसारख्या गुरुद्वारांत जोडाघर असते. तिथे सेवेकरी भाविकांचे जोडे हातात घेतात, पुसतात, जपून ठेवतात. ही सेवा श्रेष्ठ मानली जाते आणि ती कोणीही करू शकतो. दुसऱ्याच्या जोड्याला हात लावणे गावात हीन ठरत असताना गोदाकाठी तेच कृत्य भक्तीचा भाग होते. इतिहासात एकाच प्रदेशात असे दोन प्रवाह शेजारी वाहतात.

१०/
इथून पुण्याला जाऊ, कारण आधुनिक शर्यतींचे पर्व तिथे उघडते. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत दोराबजी टाटा यांनी शेतकरी कुटुंबांतली तरुण मुले धावताना पाहिली. पाय अनवाणी, युरोपीय नियमांची ओळख नाही, आधुनिक सराव नाही. तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातल्या धावपटूंशी तुलना करण्याजोग्या होत्या. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू धाडण्याची कल्पना या दृश्यातून बळावली.

११/
२२ ऑगस्ट १९२० रोजी त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. अंतर आजच्यापेक्षा थोडे अधिक, ४२.७५ किलोमीटर. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत १९ वे आले. दुसरे मराठी धावपटू सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन, वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. चौगुल्यांचे नाव आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे, हे तुम्हीच आठवून पाहा.

१२/
अनवाणी धावण्याची सर्वांत गाजलेली कथा मात्र इथिओपियाच्या अबेबे बिकिलाची. १९६० च्या रोम ऑलिंपिकपूर्वी मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात. घरी सराव अनवाणी झालाच होता, म्हणून तो तसाच धावला आणि २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत जिंकला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला, तेही तीन मिनिटांहून अधिक वेगाने.

१३/
भारतात बिहारचे शिवनाथ सिंग याच वाटेने गेले. अनवाणी धावणारा हा सैनिक १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ११ वा आला. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला, जो पुढे चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला.

१४/
या कथा ऐकून ‘अनवाणीच उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. २०१४ मध्ये बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्या अनवाणी पायांत धैर्य होतेच, पण नाइलाजही होता. नाइलाजाला तंत्र म्हणून गौरवणे हा अशा माणसांवर होणारा दुसरा अन्याय आहे.

१५/
उलट टोकाचा मोहही तितकाच खोटा. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्के करण्याची रीत शोधली आणि लवचीक तळ शक्य झाले. १९७० च्या दशकात हलक्या ईव्हीए फेसाचे तळ आले. २०१७ नंतर कार्बनची पट्टी घातलेल्या बुटांनी विक्रमांची उलथापालथ केली, आणि २०२० मध्ये जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. शर्यतीच्या दिवसासाठी बनलेले हे बूट लवकर झिजतात. रोजच्या सरावाला ते परवडत नाहीत आणि लागतही नाहीत.

१६/
‘पायाची कमान पाहून बूट निवडा’ हा दुकानातला सल्लाही तपासला गेला आहे. अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन दलातल्या नव्या भरतीवर प्रयोग झाले : काहींना पायाच्या आकारानुसार बूट, काहींना सरसकट एकच प्रकार. दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१५ मध्ये बेनो निग आणि सहकाऱ्यांनी मांडले की, धावणाऱ्याने स्वतःला सुखकर वाटणारा जोडा निवडावा. शरीर तिथे स्वतःच योग्य कौल देते.

१७/
मग दुकानात काय पाहावे?
• माप संध्याकाळी द्या. दिवसभरात पाऊल फुगते, लांब धावतानाही फुगते.
• दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचे माप धरा. धावताना घालता तेच मोजे घालून बघा.
• सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पंजा मोकळा, टाच घट्ट.
• दुकानाबाहेर शंभर पावले धावून बघा. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याच्या वहाणेला लागू होते, फेसाच्या बुटाला फारसे नाही.

१८/
आपल्या हवेसाठी आणखी थोडे. उन्हाळ्यात वरची बाजू जाळीदार हवी. मुरूम आणि उखडलेल्या डांबरावर सराव असेल तर तळाखाली पुरेसे रबर आहे का ते पाहा. नुसता उघडा फेस खडीने सोलवटतो. भिजलेला बूट कडक उन्हात ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, नाहीतर डिंक सुटतो. आणि नवा जोडा शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नका.

१९/
टिकाऊपणाचा हिशेब असा : सरावाचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतो. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याचा जोडा तीन ते पाच महिन्यांत थकतो. वरून तो नवा दिसतो, पण आतला फेस बसलेला असतो. कोपऱ्यावरचा मोची उसवलेली शिवण घालून देईल, दबलेला फेस त्याच्याही हाताबाहेरचा आहे. म्हणून एकच महाग जोडा घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन मध्यम जोडे घेऊन आलटून पालटून वापरणे बहुतेकांना सोयीचे.

२०/
आणि टायरची चप्पल? ट्रकच्या जुन्या टायरचा तळ लावलेली ही चप्पल मराठवाड्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरली. टिकाऊपणात तिला तोड नाही. पण ती जड, ताठ आणि घोट्याला मोकळी. नांगरामागे चालायला उत्तम, दहा किलोमीटर धावायला घातक. टिकाऊ आणि सुखकर हे दोन गुण वेगळे आहेत, हे तिच्याइतके स्पष्ट कोणी शिकवत नाही.

२१/
शेवटी पुन्हा मराठवाडा. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि तिथे त्याच्या धावण्याला दिशा मिळाली. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. २०२३ च्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचे सुवर्णही त्याचेच.

२२/
महार रेजिमेंटची उभारणी १९४१ मध्ये बेळगावला झाली, चौगुल्यांच्या गावी. ज्या समाजाच्या पायांवर शतकानुशतके निरोपांचे ओझे होते, त्याच्या नावाची ही पलटण. तिच्यात दाखल झालेला मराठवाड्याचा एक सैनिक आज आपल्या पायांचा मालक आहे. धावणे तेच, पण हुकूम कोणाचा हे बदलले.

२३/
म्हणून पहाटेच्या मैदानावरच्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. जोडा पायाला बसला पाहिजे; पायाने जोड्यासाठी झिजू नये. आपल्या ऐपतीतला, मापाचा, सुखकर जोडा घ्या आणि झिजला की बदला. शेजारी कोणी अनवाणी धावत असेल तर त्याच्या जिद्दीचे छायाचित्र काढण्याआधी त्याच्या पायाचे माप विचारा.

तुमच्या आजोबांच्या पायांत काय होते, वहाण, टायरची चप्पल की काहीच नाही? खाली अवश्य लिहा. हा इतिहास दप्तरांत फारसा सापडत नाही, घराघरांतच सापडतो.